काउंट स्फोर्झा : तडजोड कोठे करावी, कोठे करू नये

मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे मराठी घरांना परकी नाहीत. सावरकरांनी मॅझिनीला मराठीत आणले, त्यालाही आता शंभर वर्षे होऊन गेली. मात्र इटली एक झाल्यानंतरच्या पिढीतील माणसे आपल्याला फारशी ठाऊक नसतात. त्यांपैकी कार्लो स्फोर्झा या मुत्सद्द्याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

स्फोर्झा यांचा जन्म १८७२ सालचा, सरदार घराण्यातला. 'काउंट' ही त्यांची वंशपरंपरागत पदवी. १८९६ मध्ये ते परराष्ट्र सेवेत शिरले. कैरो, पॅरिस, कॉन्स्टँटिनोपल असे करत १९११ ते १९१५ ते चीनमध्ये इटलीचे प्रतिनिधी होते. पहिल्या महायुद्धात सर्बियाच्या सरकारने कोर्फू बेटावर आश्रय घेतला होता. तेथे त्यांची नेमणूक झाली आणि शेजाऱ्यांची बाजू त्यांना जवळून कळली.

हा अनुभव पुढे कामी आला. १९२० मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि १२ नोव्हेंबरला रापाल्लोचा करार झाला. इस्त्रिया व झारा शहर इटलीला मिळाले, डाल्मेशियाचा बहुतेक किनारा पुढे युगोस्लाव्हिया झालेल्या राज्याकडे राहिला आणि वादाचे फ्यूमे शहर स्वतंत्र ठरले. "किनारा सोडला" म्हणून इटलीतील कडव्या राष्ट्रवाद्यांनी स्फोर्झांवर टीकेची झोड उठवली.

ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला, तेव्हा स्फोर्झा पॅरिसमध्ये राजदूत होते. मानाचे पद, सुखाची जागा. त्यांनी लगेच राजीनामा दिला. सिनेटमध्ये विरोध चालू ठेवला आणि १९२६ मध्ये देश सोडला. बेल्जियम, फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका अशी सतरा वर्षे परदेशात गेली.

याच काळात इटलीच्या हद्दीत आलेल्या स्लोव्हेन व क्रोएट लोकांच्या भाषांतील शाळा फॅसिस्ट राजवटीने बंद केल्या. सीमा कराराने ठरते. पण सीमेच्या आत राहिलेल्या अल्पसंख्याकांची भाषा टिकणार की नाही, हे नंतरच्या राज्यकर्त्यांच्या वागण्यावर ठरते. आपल्यासारख्या शाळेला हे वेगळे सांगायला नको.

१९४३ मध्ये स्फोर्झा मायदेशी परतले. १९४७ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, ते पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले. समोर होता हरलेल्या देशाचा शांतता करार. त्यात इस्त्रियाचा बहुतेक भाग, फ्यूमे, झारा आणि आफ्रिकेतील वसाहती सोडायच्या होत्या. म्हणजे रापाल्लोत स्वतः मिळवलेलेच सोडण्याची पाळी. तिकडचे हजारो इटालियन घरदार टाकून निघाले. तरीही स्फोर्झांनी संविधान सभेत कराराची बाजू मांडली, कारण त्याशिवाय इटलीला जगात पुन्हा उभे राहता येणार नव्हते. ३१ जुलै १९४७ रोजी सभेने मान्यता दिली. पुढे १९४९ मध्ये नाटो व युरोप परिषद आणि १९५१ मध्ये कोळसा-पोलाद समुदाय या तिन्ही करारांवर इटलीतर्फे त्यांनीच सही केली. या समुदायातूनच पुढे युरोपीय संघ उभा राहिला. १९५२ मध्ये स्फोर्झांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, जमिनीच्या प्रश्नावर दोनदा तडजोड करणाऱ्या या माणसाने हुकूमशाहीशी एकदाही केली नाही. तडजोड म्हणजे दुबळेपणा आणि हट्ट म्हणजे बाणेदारपणा, असे आपण चटकन ठरवून टाकतो. स्फोर्झांचे आयुष्य पाहिले की असे ठरवण्याआधी थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते.