बाटलीत साखर किती?

असरची नमाज उरकली की दवाखान्याच्या बाकावर एखादा तरी रोजेदार मान टाकून बसलेला दिसतो. सोबतची माणसं घाईत असतात. 'डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा, ताकद येईल.' रमजानच कशाला, श्रावणातल्या उपासालाही हेच वाक्य ऐकू येतं. पण टांगलेल्या प्रत्येक बाटलीला आपण 'सलाईन' म्हणतो, घोटाळा तिथेच होतो.

खरी सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, साखरेचा कणही नाही. लेबलवर ५ टक्के डेक्स्ट्रोज किंवा 'डीएनएस' लिहिलेलं असेल, तर तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे इफ्तारच्या ताटातले चार-पाच लहान खजूर. जेमतेम शंभर कॅलरी! एवढ्यावर कसली ताकद येणार?

मग साखर घालतात कशाला? निव्वळ पाणी शिरेत सोडलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून फुटतात. ५ टक्के ग्लुकोज मिसळलं की ते पाणी रक्ताला चालतं. पुढे शरीर ग्लुकोज वापरून टाकतं आणि पाणी तेवढं मागे राहतं.

मधुमेह असलेल्याला मात्र ही गफलत महागात पडते. साखर ४०० वर गेली की सारखी लघवी होऊन अंगातलं पाणी जातं, माणूस गळून जातो. घरच्यांना तो उपासाचा अशक्तपणा वाटतो. त्याला हवी असते मिठाची सलाईन आणि इन्सुलिन. ग्लुकोजची बाटली म्हणजे आगीत तेल. उलट, गोळ्या घेऊन रोजा धरलेल्याची साखर ७० च्या खाली घसरली, घाम सुटला, हात थरथरू लागले, तर मिठाचं पाणी काय करणार? शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. तिथे शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज देतात. बाहेरून दोघेही सारखेच मलूल दिसतात. फरक कळतो तो बोटाला सुई टोचल्यावर, आणि त्या थेंबभर रक्ताने रोजा तुटत नाही.

बाटलीने तुटतो का, हा दरवर्षीचा प्रश्न. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्ये सांगितलं, की औषधाच्या इंजेक्शनने तुटत नाही, पोषण देणाऱ्या द्रवाने तुटतो. आपल्याकडच्या अनेक हनफी मुफ्तींच्या मते शिरेतून गेलेल्याने तुटत नाही. मात्र निव्वळ भूक-तहान मारायला बाटली लावून घेणं त्यांनाही पसंत नाही. आजाऱ्याची सोय कुरआनने आधीच करून ठेवली आहे (सूरह बकरा, १८४) : सुटलेले रोजे इतर दिवसांत पूर्ण करावेत.

साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर दिसली तर रोजा तिथेच सोडावा, असं मधुमेहतज्ज्ञ सांगतात. मगरिबच्या अजानला पाच मिनिटं उरलेली असली तरी.