टिटवीची अंडी आणि पाहणाऱ्याचा डोळा

गेवराई तालुक्यातील आमच्या उमापूरच्या शिवारात, जिथे काळी जमीन सरते आणि मुरमाड माळ सुरू होतो, त्या दफ्तरी ‘पडीक’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या जागी उन्हाळ्याच्या अखेरीस टिटवी आपली चार अंडी उघड्या खड्यांत मांडते. आणि ती उंचवट्यावर आहेत की सखल भागात, यावरून त्या सालच्या पर्जन्याचा अदमास बांधणारी वडीलधारी मंडळी माझ्या बालपणी होती. त्यांचा अदमास पुष्कळदा चुके. परंतु ती अंडी मुळात हुडकून काढण्यास जी नजर लागते तिचे मोल मला फार उशिरा कळले. खड्यांत खडा होऊन पडलेले ते अंडे नेमके कोणापासून लपलेले असते, माझ्यापासून, मुंगसापासून, की वर घिरट्या घालणाऱ्या घारीपासून, हा प्रश्न नीट मांडावयास शास्त्रालाही शतकभराहून अधिक काळ लागला.

आरंभीच्या काळात पाहणारा एकच होता, आणि तो म्हणजे मनुष्य. 1890 साली एडवर्ड पोल्टन यांनी इंग्लंडात प्राण्यांच्या रंगांवर ग्रंथ लिहिला. 1940 साली ह्यू कॉट यांचा त्याच विषयावरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि युद्धाचे दिवस असल्याने तोफा व मोटारी लपविण्याच्या कामी लष्करानेही त्यांचा सल्ला घेतला. या दोन्ही थोर निरीक्षकांचा मी ऋणी आहे. तरीही पतंग झाडाच्या सालीशी एकरूप झाला आहे असा निवाडा ते देत, तेव्हा न्यायासनावर बहुतांशी माणसाचाच डोळा बसलेला असे. आमच्याकडे त्या सुमारास, निजामाच्या अमदानीत, सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तिचा वृत्तान्त 1933–34 मध्ये प्रसिद्ध झाला. पण कोणता पक्षी कोठे व केव्हा आढळतो, ही मोजदाद हेच तिचे प्रयोजन होते, आणि पहिल्या पाहणीने दुसरे काय करावे?

प्रत्यक्ष भक्षकालाच साक्षीस बोलाविण्याचे श्रेय बर्नार्ड केटलवेल यांना द्यावे लागते. 1953 व 1955 साली, धुराने काळवंडलेल्या बर्मिंगहॅमजवळच्या आणि डॉर्सेटच्या स्वच्छ अरण्यांत काळे व फिकट पतंग सोडून, पक्षी कोणते अधिक टिपतात हे त्यांनी पाहिले. पुढे त्यांच्या पद्धतीवर आक्षेपांचा भडिमार झाला, तेव्हा मायकेल मजेरस यांनी सहा वर्षे केंब्रिजमध्ये 4,864 पतंग सोडून तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. त्याचे फलित त्यांच्या निधनानंतर, 2012 साली, प्रसिद्ध झाले आणि केटलवेल यांचा मूळ निष्कर्ष खरा ठरला.

दरम्यान, पुष्कळ पक्ष्यांना आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात हे 1970 नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले होते, आणि मानवी डोळ्याची मिरासदारी तिथेच संपली. झांबियातील माळांवर मार्टिन स्टीव्हन्स, जोलियन ट्रोशियान्को व क्लेअर स्पॉटिसवुड प्रभृतींनी घरट्यांची छायाचित्रे घेऊन, ती मुंगसाला, माकडाला आणि पक्ष्याला कशी दिसत असतील याचे गणित मांडले. 2016 साली त्यांनी दाखवून दिले की, शत्रू दूर असतानाच उठून जाणाऱ्या टिटवीच्या व धाविकाच्या जातभाईंच्या बाबतीत अंड्यांचा रंग निर्णायक ठरतो, तर अगदी पायाखाली येईपर्यंत दबून राहणाऱ्या रातव्याच्या बाबतीत खुद्द पक्ष्याच्या पिसांचा. रंगाइतकीच वर्तनालाही किंमत आहे, हे आमच्या गुराख्यांस अगोदरच ठाऊक असावे. टिटवी जिथून उठली तिथे अंडी शोधू नयेत, ती चालत किती दूर आली ते आधी पाहावे, असे ते सांगत.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात; पण 2016 सालीच दख्खनच्या सरड्याने शास्त्रीय नामावलीपर्यंत मजल मारली. व्ही. दीपक, वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्याशी रंगीत पंखा उलगडणाऱ्या सरड्यांच्या एका नव्या प्रजातीला ‘सरडा’ हेच आपले मराठी नाव दिले. याचे अंग मातीच्या रंगाचे. मात्र विणीच्या हंगामात नर गळ्याखालचा निळा, काळा व नारिंगी पडदा क्षणभर फडकावतो आणि मिटून घेतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या आल्या आणि शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने घटले. भक्षकांची नजर हटल्यावर हा पंखा अधिक झळाळेल असे मी तरी मानले असते. पण मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांना 2018 साली आढळले ते उलट. सरडे वाढले, निर्भय झाले, परंतु दाटीवाटीने अन्नाची चणचण होऊन अंगाने खंगले, आणि त्यांच्या गळ्याचा रंगही उतरला.

कालक्रम मोडून पुण्याची हकिकत मी मुद्दाम मागे ठेवली आहे. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेड्या राघूवर, म्हणजे ज्याला आपण खुशाल वेडा ठरवून मोकळे झालो त्या पक्ष्यावर, प्रयोग केले; 1999 मध्ये ते आधी प्रश्नरूपाने आणि 2002 मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. मातीच्या दरडीतील बिळाचे तोंड माणसाला दिसत असेल तर राघू आत शिरण्यास कचरतो; तितक्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही अशा जागी तोच माणूस उभा राहिला तर तो अधिक निःशंकपणे जातो. आपण काय पाहतो एवढ्यावर न थांबता, समोरच्याला काय दिसते याचाही हिशेब हा पक्षी ठेवीत असावा.

गेल्या वैशाखात ओढ्याच्या दरडीसमोर मी उभा होतो. राघू तारेवर चोचीत चतुर धरून बसला होता, आणि बराच वेळ झाला तरी हलेना. शेवटी मी बांधावरच्या बाभळीआड सरकलो आणि काही वेळाने डोकावून पाहिले, तो तार रिकामी होती. तो बिळात शिरला की दुसरीकडे निघून गेला, हे मी उभा होतो तिथून दिसण्याजोगे नव्हते.