प्रश्न आधी, उत्तर जाहिरातीनंतर

ली चाइल्डची कादंबरी हातात पेन्सिल घेऊन वाचावी. 'किलिंग फ्लोअर'ची सुरुवातच पाहा. जॉर्जियातल्या मार्ग्रेव्ह या आडगावात एक धिप्पाड माणूस उपाहारगृहात अंडी खात, कॉफी पीत बसलाय आणि पोलीस येऊन त्याला धरतात. कशासाठी? खुनासाठी, हे थोड्या वेळानं कळतं. पण मेलाय कोण, हे लेखक हातचं राखून ठेवतो. मी समासात प्रत्येक प्रश्नाशी खूण केली आणि उत्तर मिळेल तिथपर्यंत रेघ ओढत गेलो. एक रेघ संपायच्या आत दुसरी सुरू झालेली असते, म्हणून पुस्तक खाली ठेववत नाही.

ही हातोटी टीव्हीतली. चाइल्डचं खरं नाव जिम ग्रँट. १९५४ साली कॉव्हेंट्रीत जन्मलेला हा माणूस मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये प्रक्षेपणाचं काम बघायचा. कामगार संघटनेचा प्रतिनिधीही होता. घरोघरी रिमोट आला आणि जाहिरात लागली की प्रेक्षक दुसरीकडे पळू लागला. त्यावर तोड काय, तर जाहिरातीआधी प्रश्न टाकायचा आणि उत्तर नंतर द्यायचं. चाइल्ड स्वतः त्याला भुकेची उपमा देतो: घरच्यांना भूक लागावी असं वाटत असेल, तर जेवण उशिरा वाढा.

१९९५ मध्ये कपातीत नोकरी गेली. चाळिशीतल्या या बेकार माणसानं कागद-पेन्सिली आणल्या, ली चाइल्ड हे टोपणनाव घेतलं आणि १९९७ मध्ये पहिलं पुस्तक आलं. नायकाचं 'रीचर' हे नावसुद्धा सुपरमार्केटमध्ये सुचलेलं. उंच नवऱ्याला वरच्या फळीवरचं सामान काढून द्यायला लोक सांगत, तेव्हा लेखन नाही जमलं तर हेच 'रीचर'चं, म्हणजे हात पोचवणाऱ्याचं, काम कर, असं बायको गमतीनं म्हणाली होती. (मोठ्या पडद्यावर मात्र सहा फूट पाच इंची रीचरचं काम टॉम क्रूझनं केलं. वाचक भडकले, ते उगाच नाही.)

त्यानंतर दरवर्षी १ सप्टेंबरला नवी कादंबरी सुरू व्हायची. आराखडा नाही, टिपणं नाहीत. 'मेक मी' लिहिताना केंब्रिजचे प्राध्यापक अँडी मार्टिन त्याच्या पाठीमागे बसून एकेक वाक्य उमटताना बघत होते आणि पुढं काय होणार, हे लेखकालाच ठाऊक नव्हतं. सिगारेट, कॉफी आणि पुढचं वाक्य, एवढाच सरंजाम.

२०२० मध्ये त्यानं रीचर धाकट्या भावाकडे, अँड्र्यूकडे सोपवला. 'द सेंटिनल'वर दोघांची नावं आहेत. नव्या वाचकानं मात्र तिथून सुरुवात करू नये. 'किलिंग फ्लोअर'च आधी घ्यावं.