भाड्याच्या संगणकातील कुलूप

किरनापूरहून नागपूरला शिकायला जाणारी मुले भाड्याने खोली घेतात. आपल्या पेटीला कुलूप लावतात, पण खोलीची दुसरी किल्ली घरमालकाकडे असते. आज बँका, दवाखाने, परीक्षा यांची माहितीही अशाच भाड्याच्या संगणकांवर राहते. त्याला क्लाउड म्हणतात. घरमालकालाही पेटीत डोकावता येऊ नये, ही सोय करणे म्हणजे कॉन्फिडेन्शियल कॉम्प्युटिंग.

नव्या संगणकांत टीपीएम नावाची सुरक्षेची सोय असते, बहुधा एक लहानशी चिप. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ साठी ती आवश्यक ठरवली गेली (विश्वस्त मंडळींनी संगणक घेताना हे जरूर पाहावे). ती गुप्त किल्ल्या सांभाळते आणि संगणक सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम चालले याची नोंद ठेवते. प्रत्येक नवी नोंद जुन्या आकड्यात मिसळून नवा आकडा तयार होतो. मधले एक अक्षर जरी बदलले तरी शेवटचा आकडा जुळत नाही.

क्लाउडमध्ये एका यंत्रावर अनेक भाडेकरू असतात. प्रत्येकाला खरी चिप कोठून देणार? म्हणून प्रोग्रॅमने तिची नक्कल करतात. पूर्वी ही नक्कल घरमालकाचाच प्रोग्रॅम करीत असे. म्हणजे पेटीची किल्लीही त्याच्याच खिशात! एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांत २०२१ पासून एसईव्ही-एसएनपी ही सोय आली. तीत भाडेकरूची मेमरी सांकेतिक रूपात राहते आणि तिच्यात शून्य ते तीन असे चार दर्जे करता येतात. सर्वांत वरच्या, म्हणजे शून्य दर्जात एसव्हीएसएम हा छोटा प्रोग्रॅम बसतो व नकली चिप तोच चालवतो. लिनक्स त्याच्या खालच्या दर्जात चालते.

आता लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, या चिपशी बोलायला दुभाषा हवा. तो म्हणजे ड्रायव्हर. रेड हॅट कंपनीचे स्टेफानो गार्झारेला यांनी लिहिलेला ड्रायव्हर २०२५ साली लिनक्स ६.१६ मध्ये आला. खरी चिप मंद असते; तिला हुकूम देऊन "झाले का?" असे पुन्हा पुन्हा विचारावे लागते. येथे तसे काही नाही. ४०९६ बाइटांच्या पानावर प्रश्न लिहायचा, प्रोसेसर वरच्या दर्जात जाऊन येतो आणि त्याच पानावर उत्तर तयार असते. त्यामुळे ड्रायव्हर अगदी लहान झाला. तरी उत्तर पानात मावते की नाही, हे तो तपासतोच. दर्जा बदलताना घरमालकाच्या प्रोग्रॅमला विनंती करावी लागते हे खरे, पण तो फार तर नाही म्हणेल. पान वाचू शकणार नाही.

एक उणीव मात्र मोठी आहे. सुरुवातीला बनवलेली ही नकली चिप यंत्र बंद होताच सारे विसरते आणि पुढच्या वेळी नव्या किल्ल्या घडवते. म्हणून डिस्कच्या कुलपाची किल्ली तिच्या हवाली करून निर्धास्त होता येत नाही. दर वेळी प्रोसेसरने सही केलेला दाखला बाहेरच्या सर्व्हरला दाखवून ती किल्ली मागून आणावी लागते.