एडिट केल्यावर व्हिडिओची क्लॅरिटी का जाते?

विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ शूट केल्या केल्या मोबाईलवर एकदम कडक दिसतो. तोच एका अ‍ॅपमध्ये कापला, दुसऱ्यात गाणं टाकलं, व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला पाठवला आणि मित्राने तिथून उचलून रील टाकली, की गुलालाचा नुसता लाल चिखल होतो. ढोलवाल्यांचे चेहरेही चौकोनी ठिपक्यांत हरवतात. यात कॅमेऱ्याचा काही दोष नसतो.

फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये सुमारे 20 लाख पिक्सेल असतात आणि सेकंदाला साधारण 30 फ्रेम. हे सगळं जसंच्या तसं साठवायचं म्हटलं तर मिनिटाला कित्येक जीबी जागा लागेल. म्हणून फोन रेकॉर्ड करतानाच व्हिडिओ कॉम्प्रेस करतो. हे काम करणाऱ्या तंत्राला कोडेक म्हणतात. 2003 साली आलेला एच.264 आजही सर्रास वापरला जातो.

कोडेक अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण ठेवतो, ती कीफ्रेम. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितो. मागची भिंत हलतच नसेल तर ती पुन्हा कशाला लिहायची? शिवाय डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे तो फेकून देतो, आणि फेकलेलं परत मिळत नाही. गुलाल उधळला की मात्र प्रत्येक कण दर फ्रेमला नव्या जागी असतो, मागच्या फ्रेमचा आधारच उरत नाही. मग ठरलेल्या साइजमध्ये बसवायला कोडेक जास्त माहिती उडवतो. धो धो पावसाच्या व्हिडिओचंही हेच होतं.

आता एडिटिंग. अ‍ॅप तुमची फाइल उघडतं, बदल करतं आणि एक्सपोर्ट करताना पुन्हा कॉम्प्रेस करतं. हेच री-एन्कोडिंग. पहिल्या वेळी आलेले चौकोनी डागसुद्धा दुसऱ्या वेळी कोडेकला खरं चित्र वाटतात. ते जपत तो आणखी बारकावे गाळतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखंच. असा व्हिडिओ नंतर फोरकेमध्ये एक्सपोर्ट केला तर फाइल मोठी होते, गेलेला चेहरा येत नाही.

फक्त पुढचा-मागचा भाग कापायचा असेल तर री-एन्कोडिंगची गरजच नसते. कॉम्प्युटरवर लॉसलेसकट हे मोफत सॉफ्टवेअर मूळ डेटा तसाच कॉपी करतं. अडचण एवढीच, की कट कीफ्रेमपासून सुरू होतो, त्यामुळे एखाद-दोन सेकंद इकडे-तिकडे होतात. फिल्टर, मजकूर किंवा स्पीड बदलायचा असेल तर मात्र री-एन्कोडिंग टळत नाही. अशा वेळी मूळ फाइल घ्या, सगळं काम एकाच अ‍ॅपमध्ये करा आणि एकदाच एक्सपोर्ट करा. बिटरेट किती ठेवायचा? फुल एचडी, 30 फ्रेमसाठी यूट्यूबची शिफारस 8 एमबीपीएसची आहे. थोडा जास्तच ठेवा, कारण अपलोड झाल्यावर यूट्यूब आणि इन्स्टाग्राम तो स्वतः पुन्हा एन्कोड करतातच.

आणि मित्राकडून व्हिडिओ मागवताना त्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एचडी’ निवडलं तरी कॉम्प्रेशन होतंच, फक्त कमी. डॉक्युमेंट मात्र 2 जीबीपर्यंत आहे तसं पोचतं.