मुरमाला ग्रामसभा, लोहखनिजाला लिलाव

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या गावात रस्त्याच्या कामासाठी मुरमाची खाण सुरू करायची असेल, तर ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आधी घ्यावी लागते. मात्र त्याच गावामागचा डोंगर लोहखनिजासाठी फोडायचा असेल, तर खाणपट्टा देण्यापूर्वी अशी शिफारस घेण्याची अट खाण कायद्यात नाही. ही विसंगती कोणा अधिकाऱ्याच्या हलगर्जीपणातून आलेली नसून दोन कायद्यांच्या रचनेतच आहे, आणि आदिवासी क्षेत्रातील खाण कायदा सुधारायचा असेल, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ हा या विषयाचा मूळ कायदा होय. वाळू, मुरूम, साधी माती, बांधकामाचा दगड ही ‘गौण खनिजे’ मानून त्यांचे नियम करण्याचा अधिकार या कायद्याने राज्यांकडे दिला, तर लोहखनिज, बॉक्साइट, मँगनीज अशा प्रमुख खनिजांचे नियमन केंद्राने आपल्या हाती ठेवले. पुढे भुरिया समितीच्या शिफारशींच्या आधारे १९९६ मध्ये पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, म्हणजेच ‘पेसा’, मंजूर झाला. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील आदिवासी प्रदेशांत, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत, ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या या कायद्याने पूर्वशिफारशीची अट घातली ती केवळ गौण खनिजांपुरती. भूसंपादनापूर्वी ‘विचारविनिमय’ करावा असेही त्यात म्हटले आहे. पण विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, आणि गावाने नकार दिल्यास पुढे काय, याचे उत्तर कायदा देत नाही.

कायद्याच्या या मौनाचा अर्थ एटापल्ली तालुक्यातीलच सुरजागडच्या डोंगरावर स्पष्ट दिसतो. हा परिसर माडिया गोंडांचा आहे. कातकरी आणि कोलाम यांच्यासह महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून आहे, त्यांपैकी ही एक. डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान असून दर जानेवारीत भरणाऱ्या त्याच्या जत्रेला सुरजागड इलाक्यातील, म्हणजे पारंपरिक गावसमूहातील, लोक जमतात. याच डोंगरावरील सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला मिळाला. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले, त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी खनिज वाहून नेणारी अनेक वाहने जाळली, २०२१ पासून कामाने पुन्हा वेग घेतला आणि २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. या विस्तारासाठीची पर्यावरणविषयक जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, तर शंभर किलोमीटरहून दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. डोंगराखालच्या पाड्यावरील माणसाला आपले म्हणणे मांडण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तेथवर जावे लागणे, हेच त्या सुनावणीविषयी पुरेसे बोलके आहे.

वनहक्क कायदा, २००६ मुळे ही उणीव काही काळ अंशतः भरून निघाली. वनजमीन अन्य वापरासाठी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००९ च्या परिपत्रकात म्हटले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला, तेव्हा बाराही ग्रामसभांनी ती खाण नाकारली. परंतु २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर, राज्य सरकारकडे ढकलली. दरम्यान खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने खाणपट्टे लिलावाने देण्याची पद्धत आणली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान हा बाधित गावांसाठीचा निधीही निर्माण केला, ज्यात जुन्या पट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के व लिलावातून आलेल्यांनी १० टक्के रक्कम भरायची असते. हा निधी उपयुक्त आहे; पण तो निर्णय झाल्यानंतरचा मोबदला आहे, निर्णयातला वाटा नव्हे.

विचारणा कोणत्या टप्प्यावर व्हावी, हाच प्रश्न कॅनडाच्या उत्तरेकडील युकॉन प्रदेशातही उभा राहिला. तेथील जुन्या कायद्यानुसार कोणीही जमिनीवर खुणा रोवून खनिजाचा दावा नोंदवू शकत असे. रॉस रिव्हर डेना या आदिवासी समुदायाच्या दाव्यात २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की, दावा नोंदवण्याची पायरीदेखील समुदायाशी सल्लामसलतीच्या कर्तव्यातून सुटत नाही. तेथेही सल्लामसलत म्हणजे नकाराधिकार नव्हे, हे खरे. तरी विचारणा पहिल्या पायरीवर आली. भारतात ती अजून शेवटच्या पायरीच्या आसपास घुटमळते आहे.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा की, लोखंड ही देशाची गरज आहे आणि एका गावाच्या हाती तिचा निर्णय देता येणार नाही. परंतु ग्रामसभा जबाबदारीने निर्णय घेऊ शकत नाही, हे गृहीतक गडचिरोलीनेच खोटे ठरवले आहे: धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे बांबूची विक्री स्वतः करून दाखवली.

त्यामुळे सुधारणेची दिशा पुरेशी स्पष्ट आहे. पेसातील पूर्वशिफारशीची अट प्रमुख खनिजांनाही लागू करावी आणि ती लिलावाची सूचना निघण्यापूर्वीच पूर्ण व्हावी. त्यासाठी संसदेची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही, कारण अनुसूचित क्षेत्रात संसदेचा एखादा कायदा फेरबदलांसह लागू करण्याचा अधिकार पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ ने राज्यपालांना दिलेला आहे, आणि महाराष्ट्रात तो केवळ कागदावर राहिलेला नाही: वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना विभागीय स्तरावर अपिलाची सोय करून देण्यासाठी राज्यपालांनी मे २०२० मध्ये याच अधिकाराने वनहक्क कायद्यात फेरबदल केला होता. जो अधिकार वनहक्क कायद्यासाठी वापरता आला, तो १९५७ च्या खाण कायद्यासाठीही वापरावा, अशी मागणी राज्य मंत्रिमंडळाकडे आणि विधिमंडळातील आदिवासी प्रतिनिधींकडे पक्षभेद विसरून झाली पाहिजे.