गाडीला थंडी वाजतेय!

मोठे टायर, काळे अलॉय, भन्नाट लूक... आणि नव्वदच्या स्पीडला थरथरणारं स्टेअरिंग. ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका!

शनिवारची सकाळ, साडेसहाची वेळ. अंधेरीहून पुण्याला निघालेली डबल कॅब पिकअप. चारच दिवसांपूर्वी तिला नवे अलॉय आणि गुडघ्याच्या वर येणारे जाडजूड टायर बसवलेले. चालवणारा माझा मित्र, आयटीवाला. सगळा इन्सेन्टिव्ह या चार चाकांत घालून बसलेला. मागच्या सीटवर त्याची आई.

पनवेलपर्यंत सगळं झकास. एक्स्प्रेस-वे लागला, काटा ८५ वर गेला आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. ९५ ला पाण्याची बाटली कपहोल्डरमध्ये नाचायला लागली. काकूंनी मागून विचारलं, ‘‘अरे, गाडीला थंडी वाजतेय का रे?’’

मित्राने टायरवाल्याला फोन लावला. उत्तर आलं, ‘‘मोठ्या टायरला एवढं होतंच, सर. सवय होईल.’’

खालापूरच्या फूड मॉलला थांबलो. वडापाव येईपर्यंत सहज पाना काढला आणि पुढच्या डाव्या चाकाचे नट तपासले. सहापैकी दोन नट चक्क हाताने फिरले! आणि पुढे बोरघाट. त्यानंतर वडापाव कुणाच्याच घशाखाली उतरला नाही.

हल्ली ऑफिसच्या पार्किंगमध्ये डोकावलात, तर अशी ‘अपसाइझ’ केलेली एखादी एसयूव्ही किंवा पिकअप हमखास दिसेल. लूकला तोड नाही, मान्य. पण मोठं चाक थरथरलंच पाहिजे असा काही नियम नाही. नीट बसवलेलं मोठं चाक शंभरच्या स्पीडलाही शांत चालतं. थरथर म्हणजे बसवताना काहीतरी चुकलंय, याची गाडीने दिलेली खबर.

५० ग्रॅमची ताकद

आधी थोडं गणित. मित्राच्या गाडीचा मूळ टायर होता २६५/६५ आर १७. फॉर्च्युनर आणि हायलक्सच्या काही मॉडेल्सना कंपनीतून हीच साइज येते. या टायरची उंची साधारण ७७६ मिलिमीटर. त्याने बसवला २८५/७० आर १७, म्हणजे उंची ८३१ मिलिमीटर. सात टक्के वाढ. शिवाय असा टायर जाड साइडवॉलचा असेल तर प्रत्येक चाकामागे काही किलो वजन वाढतं ते वेगळंच.

आता समजा, या चाकाच्या एका बाजूला रिमपाशी फक्त ५० ग्रॅम वजन जास्त आहे. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला दहाहून जास्त वेळा फिरतं आणि ते ५० ग्रॅम जवळपास ५ किलोच्या जोराने चाकाला बाहेर खेचतात. दर फेरीला एकदा! स्पीड दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. म्हणूनच सिटीत चाळीसने फिरताना काही जाणवत नाही आणि एक्स्प्रेस-वेवर बाटली नाचते.

गंमत म्हणजे कधी कधी ११०च्या पुढे थरथर कमी होते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, भलत्या वेळी दिला की नाही. चाक आणि सस्पेन्शनचीही अशी आपली लय असते, साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. चाकाचे धक्के या लयीशी जुळले की गाडी थरथरते. पण त्या स्पीडच्या पुढे गेलात म्हणजे प्रॉब्लेम सुटला, असं मुळीच नाही.

मशीनवर पास, रस्त्यावर नापास

मित्राचं म्हणणं, ‘‘पण बॅलन्सिंग तर झिरो-झिरो आलं होतं!’’ खरंच आलं होतं. मग?

खोपोलीहून आलेल्या मेकॅनिकने चाक उतरवलं आणि दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, मधलं भोक. कंपनीच्या रिमचं मधलं भोक हबवर अगदी घट्ट बसतं. त्यामुळे चाक आपोआप मध्यावर येतं. मित्राच्या गाडीचा हब होता १०६.१ मिलिमीटरचा आणि नव्या अलॉयचं भोक ११० चं. बाजारातल्या रिम अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून भोक मुद्दाम मोठं ठेवतात. मधली फट भरायला हब रिंग नावाची एक साधी रिंग मिळते. ती कुणी लावलीच नव्हती. बॅलन्सिंग मशीनवर चाक कोनने बरोबर मध्यावर पकडलं जातं, म्हणून तिथे आकडा झिरो. गाडीवर मात्र तेच चाक मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाजूला सरकून बसलेलं.

दुसरी गोष्ट जास्त भीतीदायक. कंपनीचे नट सपाट वॉशरवाले होते आणि नव्या अलॉयला हवे होते निमुळते, कोनसारखे. फिटरने जुनेच नट आवळले. ते नीट टेकलेच नाहीत. त्यात रोजची थरथर. चार दिवसांत दोन नट सैल. आम्ही त्या दिवशी थांबलो नसतो तर घाटात काय झालं असतं, यावर कुणी काही बोललं नाही.

त्या दिवशी पिकअप फ्लॅटबेडवर चढून मुंबईला परत गेली. काकू टॅक्सीने पुण्याला.

गाडी काय म्हणतेय?

तुमचीही गाडी थरथरतेय? मग गॅरेजमध्ये जाण्याआधी नीट लक्ष द्या. थरथर कधी आणि कुठे होते, हे सांगितलंत तर मेकॅनिकचं अर्धं काम होतं.

• स्टेअरिंग थरथरतंय? बहुतेक वेळा पुढचं चाक.
• सीट किंवा फ्लोअर थरथरतोय? मागच्या चाकांकडे बघा.
• फक्त ब्रेक दाबल्यावर? टायरला दोष देऊ नका, ब्रेक डिस्क तपासा.
• फक्त ॲक्सिलरेटर दिल्यावर, आणि गाडी लिफ्ट किटने उचललेली आहे? प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला असू शकतो.
• आठवडाभर उभी गाडी सोमवारी सकाळी थरथरते आणि काही किलोमीटरनंतर गप्प? टायर खाली चपटा झाला होता, गरम झाल्यावर गोल झाला.
• पावसाळ्यात ताम्हिणी करून आल्यावर सुरू झालं? रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळलाय. आधी धुवा, मग खर्च करा!

आणि हो, अलाइनमेंटने ही थरथर सहसा जात नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असतील, तर अलाइनमेंट. दर वेळी तेच बिल भरत राहू नका.

पैसे देण्याआधी

टायरवाल्याला चार प्रश्न विचारायला लाजू नका. रिमचं मधलं भोक किती? हब रिंग देणार का? नट याच रिमचे आहेत ना? टायर कधीचा आहे? (साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.) नट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळून घ्या आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली तर ‘रोड फोर्स’ मशीन असलेलं सेंटर शोधा. ते टायरवर रोलर दाबून बघतं, त्यामुळे टायर कुठे कडक, कुठे मऊ आहे तेही कळतं.

आणखी एक. टायर सात टक्के उंच झाला की स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा तुम्ही पूर्वीपेक्षा सात टक्के जास्त वेगाने जात असता. एक्स्प्रेस-वेवरचे कॅमेरे तुमचा काटा बघत नाहीत! कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेरच्या बदलांवर बोट ठेवलं होतं. त्यामुळे तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला येणारी साइज हा सगळ्यात सेफ रस्ता. इन्शुरन्स कंपनीलाही आधीच कळवा.

मित्राची पिकअप आता शहाणी झालीय. हब रिंग आल्या, नट बदलले, चारही चाकं पुन्हा बॅलन्स झाली. अलॉय आणि टायरच्या बिलापुढे हा खर्च म्हणजे किरकोळच. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. काटा ९५ वर, बाटली शांत. लोणावळा मागे पडलं तरी मागून काहीच आवाज नाही, म्हणून मित्राने आरशात बघितलं.

काकू गाढ झोपल्या होत्या.